सीबीओ आणि फ्रिया: एक मान्यता संघटनेची, दुसरी मैदानाची

अमेरिकेत मॉडेल विमानांच्या क्लबात नवखा माणूस गेला की त्याची एक समजूत चटकन होते: क्लब एएमएशी, म्हणजे अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सशी संलग्न आहे ना, मग इथे रिमोट आयडीची भानगड नसणार. (रिमोट आयडी म्हणजे उडणाऱ्या यंत्राने आपली ओळख आणि ठिकाण सतत प्रसारित करत राहणं.) ही दोन मान्यतांची गल्लत आहे. दोन्ही देते एफएए, तिथली हवाई वाहतुकीची नियामक यंत्रणा. पण सीबीओ (कम्युनिटी-बेस्ड ऑर्गनायझेशन) ही मान्यता छंदी लोकांच्या संघटनेला मिळते आणि फ्रिया (एफएए-रेकग्नाइज्ड आयडेंटिफिकेशन एरिया), म्हणजे रिमोट आयडीतून सूट, जमिनीच्या एका ठरावीक तुकड्याला.

सीबीओची गोष्ट जुनी आहे. एएमए १९३६ची, एफएए १९५८ची; म्हणजे छंदी मंडळी वयाने थोरली. १९८१मध्ये एफएएने मॉडेल विमानांसाठी एक पत्रक काढलं: ४०० फुटांच्या खाली उडवा, माणसांपासून लांब राहा. सगळं ऐच्छिक. २०१२च्या कायद्यातल्या कलम ३३६ने तर एफएएचेच हात बांधले. राष्ट्रीय संघटनेची सुरक्षा नियमावली पाळून छंद म्हणून कोणी उडवत असेल, तर त्याच्या मॉडेल विमानासाठी नवा नियम करायचा नाही.

मग दुकानात कॅमेऱ्याचे ड्रोन आले. ते उडवायला ना क्लब लागतो, ना बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवत घालवलेले महिने. डिसेंबर २०१५मध्ये एफएएने छंदी लोकांनाही नोंदणी सक्तीची केली. जॉन टेलर नावाचा एक छंदी कोर्टात गेला आणि मे २०१७मध्ये जिंकला, कारण कलम ३३६ स्पष्ट होतं. त्याच डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून नोंदणी परत आणली आणि ऑक्टोबर २०१८मध्ये ते कलमच रद्द केलं. त्याच्या जागी आलेल्या तरतुदीनुसार छंद म्हणून उडवणाऱ्याने सीबीओची नियमावली पाळायची, आणि ती नियमावली एफएएशी समन्वय साधून तयार झालेली असायला हवी. जी नियमावली एफएएला दूर ठेवत होती, तीच आता एफएएच्या चौकटीत आली. क्लबांच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचाच, पण टेबलावरची खुर्ची मात्र टिकली.

एएमएखेरीज ‘फ्लाइट टेस्ट’ या मॉडेल विमानांच्या यूट्यूब चॅनेलवाल्यांची संघटना आणि एफपीव्ही, म्हणजे यंत्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत, उडवणाऱ्यांची संघटना यांनाही सीबीओ मान्यता आहे. नियमावली पाळायला सभासद असावंच लागतं असं नाही. एफएएचा तसा आग्रह नाही. क्लबाचा असू शकतो, पण तो वेगळा मामला.

फ्रियाचा जन्म रिमोट आयडीतून झाला. आता घरी बांधलेल्या, तीस वर्षं जुन्या ग्लायडरने काय प्रसारित करायचं? त्यावर उपाय म्हणून काही मैदानं सूट असलेली ठरवायची, असं निघालं. डिसेंबर २०१९च्या मसुद्यात मात्र मेख होती: अशा मैदानांसाठी अर्ज फक्त पहिल्या १२ महिन्यांत, पुढे दार बंद. एखाद्या क्लबाची भाड्याची जमीन गेली तर नव्या जागेला सूट मिळणारच नव्हती, आणि अशी मैदानं हळूहळू संपत गेली असती. मसुद्यावर ५३ हजारांच्या वर सूचना आणि हरकती आल्या. जानेवारी २०२१च्या अंतिम नियमात ती मुदत गेली आणि शिक्षणसंस्थांनाही अर्ज करायची मुभा मिळाली. माझ्या मते छंदी मंडळींच्या पदरात पडलेली ही सर्वांत ठोस गोष्ट.

गल्लतीचं मूळही इथेच सापडतं. फ्रियासाठी अर्ज करू शकतात सीबीओ आणि शिक्षणसंस्था. गावातला क्लब थेट नाही, तो सीबीओमार्फत जातो. म्हणून दोन्ही मान्यता एकाच घरातून आल्यासारख्या वाटतात. पण संलग्न क्लबाच्या मैदानाला फ्रिया मिळालेलं असेलच असं नाही, आणि मिळालं तरी ते ४८ महिन्यांसाठी; पुढे नूतनीकरण करावं लागतं.

सूटही हद्दीपुरतीच. विमान आणि उडवणारा दोघंही सीमेच्या आत हवेत, आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात. तेच विमान दुसऱ्या दिवशी बाजूच्या शेतात न्यायचं तर त्यावर प्रसारणाचं मोड्यूल बसवावं लागेल. शिवाय फ्रिया फक्त रिमोट आयडीतून सोडवतं. मैदान विमानतळाजवळच्या नियंत्रित हवाई हद्दीत असेल, तर तिथे उडवायची परवानगी निराळी काढावी लागते.

निव्वळ छंदासाठी उडवलेल्या, २५० ग्रॅमपेक्षा हलक्या विमानाला नोंदणी लागत नाही, म्हणून रिमोट आयडीही नाही आणि फ्रियाचा प्रश्नच नाही. सीबीओची नियमावली मात्र त्यालाही पाळावी लागते.