दहा नंबरचा बोल्ट आणि काकांचा पाइप

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) बदलायला बसलो, म्हटलं तासाभराचं काम, दोन बोल्ट काढायचे, हाउसिंग, म्हणजे त्याचं झाकण, उचलायचं, नवीन थर्मोस्टॅट टाकायचा, जेवायच्या आत घरात. पहिलाच बोल्ट हलेना. काका पेपर घेऊन खाली आलेलेच होते, म्हणाले, "पान्याला पाइप लाव रे, येत नाही म्हणजे काय!"

इथेच वाट लागते. हा बोल्ट ६ मिलिमीटरचा, डोकं १० नंबरचं. असा बोल्ट कसतात साधारण १० न्यूटन-मीटरला, म्हणजे १० सेंटीमीटरचा पाना धरून जेमतेम १० किलोचा जोर. तोच जोर अर्ध्या मीटरच्या पाइपवर दिला की झाले ५० न्यूटन-मीटर, आणि त्याच्या बऱ्याच आधी बोल्टची मुंडी तुटून हातात येते. मग ड्रिल करा, त्यात इझी-आउट (तुटलेला बोल्ट बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) मोडला तर विषयच संपला, तो इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घसरतो.

आता जाम का होतो? साधं लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि आट्यांत तेवढी फट असते कुठे! माझ्याकडे भानगड अजून वेगळी, बोल्ट स्टीलचा, हाउसिंग अॅल्युमिनियमचं आणि वरून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपलेलं. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे बारकासा बॅटरी सेलच झाला की, त्यात खाल्लं जातं अॅल्युमिनियम आणि त्याची पांढरी पूड आट्यांत चुन्यासारखी घट्ट बसते.

शनिवारी रात्रीच जाम सोडवायचा तेलाचा स्प्रे मारून ठेवायला हवा होता खरंतर. दिव्याची वात तेल वर ओढते तसंच तेल आट्यांच्या फटीत शिरतं, पण त्याला वेळ लागतो, आपण पाच मिनिटांत पाना लावतो.

शेवटी कामाला आली उष्णता. १०० अंश तापमान वाढलं की ६ मिलिमीटरचं अॅल्युमिनियमचं भोक स्टीलच्या बोल्टपेक्षा सुमारे ६ मायक्रॉन जास्त मोठं होतं. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढं, पण पूड तडकायला पुरतं. कूलंट आधीच काढलेलं होतं, स्प्रे पुसून घेतला (तो पेट घेतो, विसरू नका), मग हीट गन हाउसिंगवर, बोल्टच्या डोक्यावर नाही. सहा कोनी गोटी (डोक्यावर बसणारा सॉकेट) लावली, कारण बारा कोनीने कडा मरतात, आणि आधी कसायच्या बाजूला किंचित, मग उलटा, परत किंचित कस, परत उलटा.

चौथ्या-पाचव्या वेळी 'कर्र' झालं. बोल्ट बाहेर आला तर आटे पांढरेफटक, पीठ लावल्यासारखे.

काकांनी चष्मा वर करून पाहिला. "एवढ्यासाठी दोन तास? आणि तो दुसरा?"