'बुकॅनीअर' हे नाव आलं कुठून?

'बुकॅनीअर' म्हटलं की सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजं लुटणारे चाचे आठवतात. मुळात मात्र या शब्दाचा दर्यावर्दी लोकांशी काडीचाही संबंध नव्हता. मांसाला धुरी देणाऱ्या शिकाऱ्यांचं ते नाव होतं.

ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपी लोक काटक्यांची जाळीदार माळी (मचाणासारखी चौकट) उभी करत आणि खाली मंद विस्तव ठेवून तीवर मांस-मासे वाळवत. त्यांच्याच शब्दावरून फ्रेंचांनी या माळीला 'बुकां' म्हणायला सुरुवात केली. जाँ द लेरी या प्रवाशाने १५७८ साली छापलेल्या आपल्या वृत्तान्तात तिचं वर्णन केलं आहे. बुकांवर मांस टिकवणारा तो 'बुकानिए'.

हे शिकारी जमले कॅरिबियनमधल्या, स्पेनच्या ताब्यातल्या हिस्पॅनिओला बेटावर, आणि त्यांना तिथे रान मोकळं करून दिलं ते खुद्द स्पेनने. बेटाच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरचे रहिवासी परकीय जहाजांशी चोरटा व्यापार करतात म्हणून १६०५-०६ मध्ये गव्हर्नर ओसोरिओने ती गावंच उठवली. माणसं हलवली, पण गुरं-डुकरं सगळी हाकून नेणं जमलं नाही. ती रानात माजली आणि त्यांच्यामागे फ्रेंच, इंग्रज, पळालेले खलाशी, मुदतबंद (ठरावीक वर्षं राबण्याच्या कराराने बांधलेले) चाकर असे नाना तऱ्हेचे लोक आले. लांब नळीची बंदूक, सोबत कुत्रे, रक्ताने कडक झालेले कपडे. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ चोळायचं आणि धूर दाट व्हावा म्हणून विस्तवात जनावरांची कातडी नि हाडं टाकायची. हे मांस आणि कातडी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना विकून ते दारूगोळा नि तंबाखू घेत.

स्पेनला हे खपलं नाही. शिकाऱ्यांवर हल्ले झाले, पुढे त्यांची उपासमार व्हावी म्हणून गुरांची कत्तलही झाली. माझ्या मते इथेच या शब्दाचं नशीब पालटलं. पोटाचं साधन गेलेल्या, बंदुकीत तरबेज माणसांसमोर उत्तरेला तोर्तुगा बेट होतं आणि समोरून स्पॅनिश जहाजं जात होती. १६५५ मध्ये जमैका इंग्रजांकडे गेल्यावर तिथलं पोर्ट रॉयल बंदर हा त्यांचा दुसरा अड्डा झाला. तिथले गव्हर्नर त्यांना लुटीचे परवाने देत, कारण बेटाच्या रक्षणासाठी आरमार अपुरं होतं.

फ्रेंचांनी भेद पाळला: शिकारी तो बुकानिए, समुद्रावरचा लुटारू तो 'फ्लिबुस्तिए'. इंग्रजीत मात्र शिकाऱ्याचं नाव लुटारूला चिकटलं, आणि ते पक्कं करण्यात एका पुस्तकाचा मोठा हात आहे. या लुटारूंचा म्होरक्या हेन्री मॉर्गन याच्या १६७१ च्या पनामा स्वारीत सामील असलेल्या एक्स्क्वेमेलिनने आपल्या हकिकती १६७८ मध्ये डच भाषेत छापल्या. तिथे शीर्षकात 'समुद्री लुटारू' असा शब्द होता. १६८४ च्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात 'अमेरिकेचे बुकॅनीअर' आले.

तोवर मॉर्गन 'सर' झाला होता, जमैकाचं उपगव्हर्नरपदही भूषवून बसला होता. आपण राजाच्या परवान्याने लढलो, असं तो म्हणे. पुस्तकात त्याला बंदिवानांचा छळ करणारा आणि एके काळचा मुदतबंद चाकर म्हटलं होतं. त्याने लंडनच्या प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १६८५ मध्ये २०० पौंड भरपाई मिळवली.