टाकीतल्या गोगलगायी कुठून येतात?

"पाणी जुनं झालं की गोगलगायी आपोआप होतात." सांगलीत मासे पाळणाऱ्यांशी बोलताना हे वाक्य हमखास कानावर पडतं. शाळेत शिकून विसरलेली ही जुनी समजूत आहे. मांसाच्या बरणीवर कापड बांधलं, माशी बसू दिली नाही, तर किडे पडत नाहीत, हे फ्रान्सिस्को रेडीने १६६८ सालीच दाखवून दिलं होतं. गोगलगायीही गोगलगायीपासूनच होतात.

त्या येतात वनस्पतींबरोबर. हायड्रिलाची किंवा व्हॅलिस्नेरियाची नवी जुडी टाकीत लावण्याआधी प्रत्येक पान उलटून उजेडात धरा. मागच्या बाजूला साबुदाण्याच्या खिरीच्या थेंबासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर तो अंड्यांचा पुंजका. चांगल्या भिंगातून पाहिलं तर एकेका अंड्यात एक ठिपका संथपणे गरगर फिरताना दिसतो. तो गोगलगायीचा गर्भ. अंगावरच्या अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने तो फिरतो. आठवडा-दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात.

आपल्याकडच्या टाक्यांत वरचेवर दिसणारी एक जात म्हणजे फायसेला अक्युटा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर बहुधा हीच. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं.

आता खरा प्रश्न. "आमच्या टाकीत एकच आली होती, मग एवढ्या कशा झाल्या?" ही गोगलगाय उभयलिंगी असते, नर आणि मादी दोन्ही. आधी कुणाशी मीलन झालं असेल तर ते शुक्राणू ती साठवून ठेवते. झालंच नसेल, तर स्वतःच्याच शुक्राणूंनी स्वतःची अंडी फलित करते. मात्र लगेच नाही. एकटी ठेवलेली फायसेला वयात आल्यावरही अंडी घालायचं लांबवते, जोडीदार असलेल्या गोगलगायींपेक्षा सुमारे दोन आठवडे. इतका वेळ ती जोडीदाराची वाट पाहते!

का, ते मेंडेलच्या वाटाण्यांवरून समजतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावते, त्यामुळे दोष झाकलेला राहतो. स्वफलनात मात्र एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत अशा मिश्र जोडीतून १:२:१ या प्रमाणात संतती होते, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या वाट्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात. हे एका जनुकाचं. असे झाकलेले दोष अनेक जनुकांत असतात आणि ते एकाच पिढीत उघडे पडतात. स्वफलन चालूच राहिलं तर मिश्र जोड्या दर पिढीला निम्म्या होतात: १/२, १/४, १/८, आणि दहाव्या पिढीत १/१०२४. परिणामी पिल्लं दुबळी निघतात, बरीच मरतात. पण फार वाट पाहिली आणि मधेच मरण आलं, तर संततीच नाही. या दोन तोट्यांच्या तडजोडीतून उत्क्रांतीने ती मुदत ठरवली आहे. प्रयोगशाळेत सुमारे २० पिढ्या जोडीदार दुर्मीळ ठेवले, तेव्हा ही मुदत आखडत गेली आणि स्वफलनाचा तोटाही कमी झाला, कारण दुबळ्यांबरोबर बिघडलेली जनुकंही गळून गेली. मला जीवशास्त्रात याहून सुंदर हिशोब क्वचितच दिसला आहे.

बंदोबस्त सोपा आहे. गोगलगायींची संख्या खाद्यावर ठरते, तेव्हा माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. रात्री काकडीची चकती तळाशी ठेवा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसकट काढून घ्या. नवी वनस्पती आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुवा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात शंखाला लागणारं कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे त्या पूर्ण नाहीशा होतील ही आशा ठेवू नका. तशी गरजही नाही. त्या मुख्यतः शेवाळ आणि कुजलेली पानं खातात, धडधाकट पानांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

तांब्याची औषधं मात्र टाळा. कोळंबी असेल तर तीही मरते. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की त्या कुजून अमोनिया वाढतो आणि पाठोपाठ मासे जातात. मग "माशाने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं" असं म्हणणारे भेटतात. तो मासा अमोनियाने मेला. हे सांगायलाच हवं, कारण संकट टळलं असं मानणारा माणूस पाणी बदलत नाही आणि पुढचा मासाही तसाच जातो.

काढलेल्या गोगलगायी आणि छाटलेली पानं कृष्णेत किंवा कालव्यात टाकू नका. फायसेला मूळची उत्तर अमेरिकेतली, पण १८०५ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून. तोवर ती तिथे पोहोचून स्थिरावलीसुद्धा होती. नव्या नदीत वस्ती करायला तिला एकटीलाही जमतं. त्यापेक्षा गोगलगायी चिरडून पानांसकट कोरड्या मातीत खोल पुरा.