उश्वायातील हिवाळी सुट्टी

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर वसलेल्या उश्वाया (स्थानिक उच्चार ‘उस्वाया’) शहरात जून ते सप्टेंबर या काळात घालवली जाणारी बर्फातली सुट्टी. शहर ५४° ४८′ दक्षिण अक्षांशावर आहे. समोर बीगल सामुद्रधुनी, पाठीशी मार्शियल डोंगररांग. ‘जगाचा शेवट’ हे बिरुद इथे पाट्यांपासून आगगाडीपर्यंत सगळीकडे मिरवलेले दिसते. खरे तर सामुद्रधुनीपलीकडचे चिलीचे पुएर्तो विल्यम्स याहूनही दक्षिणेला आहे. पण ते अगदीच चिमुकले, त्यामुळे मान उश्वायाकडेच राहिला.

‘दक्षिणेकडे’ म्हटले की आपल्या मनात ऊन आणि नारळ येतात. इथे ते सगळे उलटे होते. अर्जेंटिनातल्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी जुलैत मिळते, साधारण दोन आठवडे आणि प्रांतागणिक पुढेमागे. तेव्हा महाराष्ट्रात शाळा नुकत्याच भरलेल्या असतात आणि पावसाने जोर धरलेला असतो. २१ जूनला उश्वायात सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि पाच वाजून गेले की मावळतो. दिवस जेमतेम सव्वासात तासांचा. भर दुपारीही तो उत्तरेच्या आकाशात क्षितिजापासून बारा अंशांवरच रेंगाळतो, त्यामुळे सावल्या दिवसभर लांबलचक. आपल्याकडे त्याच दिवशी दक्षिणायन लागते. तिथे दिवस पुन्हा मोठा व्हायला लागतो. या सुमारास ‘सर्वांत मोठ्या रात्रीचा’ उत्सव भरतो. मार्शियलच्या उतारावरून हातात मशाली घेऊन रांगेने घसरत उतरण्याची प्रथाही इथे आहे. खालून पाहताना माणसे दिसत नाहीत, नुसती ठिणग्यांची माळ अंधारात वळणे घेत येते.

थंडी मात्र वाटते तितकी कडाक्याची नसते. समुद्र जवळ असल्याने जुलैचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित वर असते. लेहचा हिवाळा याहून कितीतरी कठोर. खरा त्रास वाऱ्याचा आणि सतत पालटणाऱ्या हवेचा.

बुएनोस आयर्सहून विमानाने साडेतीन तास लागतात. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ सुमारे तीन हजार किलोमीटरचा आहे, पण वाटेत चिलीत शिरून मॅगेलन सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडावी लागते. शेवटी गारिबाल्दी घाट येतो. तिथला रस्ता हिवाळ्यात गोठतो, म्हणून गाड्यांना खिळे मारलेले टायर लावतात.

स्कीइंगचे मुख्य केंद्र सेरो कास्तोर शहरापासून २६ किलोमीटरवर आहे. ते १९९९ मध्ये सुरू झाले. पायथा समुद्रसपाटीपासून फक्त १९५ मीटरवर, माथा १,०५७ मीटरवर. म्हणजे बर्फ भरपूर आणि विरळ हवेचा त्रास नाही. युरोपात उन्हाळा असताना तिकडचे स्की संघ सरावाला इथे येतात. ज्यांना स्की जमत नाही ते तिएरा मायोर दरीत हस्की कुत्र्यांच्या घसरगाडीत बसतात किंवा बर्फात न रुतणारी रॅकेटसारखी पादत्राणे बांधून ‘लेंगा’ नावाच्या झाडांच्या जंगलात चालतात. ऑगस्टमध्ये ‘मार्चा ब्लांका’ ही लांब पल्ल्याची स्की-फेरी निघते, १८१७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी सान मार्तिनने सैन्यासह अँडीज ओलांडल्याच्या स्मरणार्थ. संध्याकाळी सेंतोया हा मोठा खेकडा किंवा विस्तवाभोवती उभे करून भाजलेले कोकरू.

पेंग्विनसाठी जाणाऱ्यांनी मात्र हिवाळा टाळावा: मॅगेलन पेंग्विन तेव्हा उत्तरेकडे गेलेले असतात. अंटार्क्टिकाच्या पर्यटक-बोटीही उन्हाळ्यातच सुटतात.

या हवेत करमणुकीला यावे ही कल्पना तशी नवीच. मूळचे यागान लोक होडीतसुद्धा विस्तव जागता ठेवत. १५२० मध्ये मॅगेलनला किनाऱ्यावर आगी दिसल्या, त्यावरून बेटाला तिएरा देल फुएगो, म्हणजे ‘अग्निभूमी’, हे नाव पडले. यागान ज्यांची मातृभाषा होती अशा शेवटच्या भाषक क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये चिलीत वारल्या. अर्जेंटिना सरकारने मात्र इथला एकांत कैद्यांसाठी वापरला. १९०२ मध्ये तुरुंगाचे बांधकाम सुरू झाले, तेही कैद्यांच्याच हातून. पाच पाखे, ३८० कोठड्या. पळून गेलेला कैदी जाणार कुठे? १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने तो बंद केला. आता तिथे संग्रहालय आहे.

कैद्यांना जंगलात लाकूडतोडीला नेणाऱ्या छोट्या रुळांच्या काही भागावर १९९४ पासून पर्यटकांची गाडी धावते. ती हिवाळ्यातही चालते, डब्यात ऊब असते. खिडकीतून पिपो नदीच्या दरीतले तोडलेल्या झाडांचे खुंट दिसतात: काही घोट्याइतके बुटके, काही छातीपर्यंत उंच. बुटके उन्हाळ्यात तोडलेले. उंच ते हिवाळ्यातले. त्या दिवशी कैदी जेवढ्या बर्फावर उभा होता, तेवढे खोड खाली राहून गेले.