वनकुरण पद्धत

वनकुरण म्हणजे एकाच जमिनीवर झाडं, चारा आणि चरणारी जनावरं तिन्ही एकत्र सांभाळायची पद्धत. हिला सिल्व्होपाश्चर पण म्हणतात आणि ॲग्रोफॉरेस्ट्रीमध्ये, म्हणजे शेती आणि झाडं एकत्र घ्यायच्या पद्धतींमध्ये, ती मोडते. जंगलात गुरं मोकळी सोडली की झालं वनकुरण, असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चुकीचा आहे, कारण तिथे गुरं उगवलेली रोपटीच खातात आणि जुनी झाडं गेली की त्यांच्या जागी नवीन काही उभं राहत नाही. वनकुरणात झाडं किती, कुठे, जनावरं आत कधी सोडायची आणि बाहेर कधी काढायची हे सगळं आधीच ठरलेलं असतं.

सावलीचा फायदा आधी जनावरातच दिसतो. पचनामुळे गाईच्या अंगात तशीही बरीच उष्णता तयार होते, त्यात वरून कडक ऊन असलं की ती चरायचं सोडून धापा टाकत उभी राहते आणि दूध घटतं. पण मोठ्या कुरणात एकच झाड असेल तर सगळी गुरं त्याच्याच खाली गोळा होतात, तिथे शेणाचा चिखल होतो, माती दबून मुळांना हवा मिळत नाही आणि ते झाड वाळायला लागतं. म्हणून झाडं पसरून किंवा ओळीत लावतात. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर सावली दिवसभर सरकत राहते, तिच्यामागे गुरं सरकतात आणि शेणखत सगळीकडे पडतं.

जुन्या उदाहरणांत स्पेनचं देएसा आणि पोर्तुगालचं मोंतादो ही नावं पहिली येतात. तिथे विरळ ओक झाडांखाली गवत असतं, त्यावर गाई-मेंढ्या चरतात, आणि शरद ऋतूपासून ओकची फळं गळायला लागली की इबेरियन डुकरं त्यावर पोसली जातात. कॉर्क ओकची साल पोर्तुगालमध्ये साधारण 9 वर्षांनी एकदा काढतात, झाड तोडावं लागत नाही. आफ्रिकेतल्या फेडहर्बिया अल्बिडा या झाडाची तर कमालच आहे, ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं, म्हणजे चाऱ्याची टंचाई असते नेमकी तेव्हाच गुरांना पाला आणि शेंगा.

कोलंबिया, मेक्सिकोकडे सुबाभळीची झुडपं हेक्टरी 10,000 पेक्षाही जास्त लावतात, मधे गवत, आणि गुरं थेट झुडपांवरच चरतात. सुबाभूळ प्रथिनांनी भरलेली असते, शिवाय मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. पण तिच्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, जास्त खाल्लं की केस गळतात, थायरॉइड सुजतं. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास व्हायचा आणि हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं. रेमंड जोन्स या संशोधकाने याचा माग काढला तेव्हा कळलं की त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू विष मोडतात, मग ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि अडचण बरीचशी सुटली. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव दिलं गेलं, सिनर्जिस्टीस जोन्सी.

सगळ्यात अवघड असतात सुरुवातीची वर्षं. रोपाचा शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ट्री गार्ड किंवा इलेक्ट्रिक कुंपण लागतंच, तोवर फार तर चारा कापून बाहेर नेऊन घालायचा. त्यानंतरही शेळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, त्या साल सोलतात आणि खोडाची साल गोल सोललेलं झाड मरतंच. गुरं एका तुकड्यात थोडे दिवस चारून पुढे हलवायची, म्हणजे गवतालाही सावरायला वेळ मिळतो.

झाडं निवडतानाही जपावं लागतं. चेरीची कोमेजलेली पानं पोटात गेली तर सायनाइडची विषबाधा होऊ शकते. फळबागेत मेंढ्या सोडायच्या असतील तर तांबं असलेली फवारणी झाल्यावर बरेच दिवस थांबायचं, मेंढ्यांना तांबं अजिबात सोसत नाही. आणि झाडं मोठी होऊन वर फांद्या एकमेकांना भिडल्या की खालचं गवत पातळ होतं, उन्हाळी प्रदेशातल्या गवतांना तर ऊन जास्तच लागतं, तेव्हा छाटणी आणि विरळणी करून जमिनीपर्यंत ऊन पोचेल एवढी मोकळीक ठेवावीच लागते.