पेडल ते बटण : मुलांच्या बॅटरी गाडीतला सोपा स्विच कसा घडला

मूल आत बसून चालवते त्या बॅटरीच्या गाडीत ‘चल’ म्हणायची एकच जागा असते, उजव्या पावलाखालचे पेडल. ते दाबले की खालचा छोटा स्विच जुळतो आणि मोटर फिरते. यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : पाय पेडलपर्यंत पोचतो, घोट्यातून जोर देता येतो आणि दाबलेला पाय हवा तेव्हा उचलता येतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीवर ताबा नसणे), स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) किंवा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाचे यातल्याच एकावर अडते. मोटर धड, बॅटरी धड, मुलाची हौसही धड. मग पेडल काढून हाताखाली बशीएवढे बटण द्यावे, एवढीच कल्पना.

अडचण जुनी आहे. बटण जितके हलके, तितका त्यातून कमी करंट नेता येतो. आणि मूल बसलेली गाडी जागची हलवायला मोटरला तर भरपूर करंट लागतो. ही दोन टोके जुळवताना काय काय झाले, ते पाहिल्याशिवाय आजच्या बटणाची रचना नीट कळत नाही.

हुकूम वेगळा, करंट वेगळा

मुलांसाठी विजेची गाडी ही प्लास्टिकच्या जमान्यातली गोष्ट नव्हे. एत्तोरे बुगाटी यांनी १९२६ मध्ये धाकट्या मुलासाठी आपल्या टाइप ३५ शर्यतगाडीची निम्म्या आकाराची, १२ व्होल्टवर चालणारी प्रतिकृती केली. गिऱ्हाइकांनाही ती हवीशी वाटली म्हणून टाइप ५२ या नावाने विक्रीला आली. श्रीमंत घरच्या पोरांचे खेळणे ते. सोप्या स्विचचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते.

बटणाच्या पोटातला शोध १९३२ चा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी, बर्जेस बॅटरी कंपनीत, फिलिप केनेथ मॅकगॉल यांनी असा स्विच केला की आतली पट्टी ठरावीक बिंदूपलीकडे गेली की स्प्रिंग तिला एकदम दुसऱ्या बाजूला फेकते. बोट सावकाश दाबो की झटक्यात, संपर्क जुळतो आणि तुटतो तो झटक्यानेच, त्यामुळे ठिणगी रेंगाळत नाही. हाच आजचा मायक्रोस्विच. त्यातून येणारी ‘टक’ या कामात फार मोलाची आहे : आपण काहीतरी केले, ही पहिली खबर मुलाला मोटरच्या आधी ती टक देते. टच पॅड दिसायला झकास, पण ही खबर देत नाही.

पुढची पायरी खेळण्यांबाहेर पडली. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकात जॉयस्टिकवर चालणारी विजेची चाकाची खुर्ची केली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास मानेखाली हालचाल नसलेल्या रुग्णांसाठी ‘पॉसम’ यंत्रणा उभी केली. नळीत फुंकर मारायची किंवा हवा ओढायची आणि त्यावर टाइपरायटर, दिवा, घंटा चालवायची. लॅटिनमध्ये पॉसम म्हणजे ‘मी करू शकतो’. फुंकरीने फक्त हुकूम दिला जातो, पुढचे काम रिले करतो. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच : त्याच्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) बारीक करंट गेला की तो जाड करंटची वाट जोडतो. खेळगाडीच्या बटणाला नेमका हाच धडा लागू पडतो.

खेळण्यांपुरता सोपा मार्ग १९८० च्या सुमारास रूढ झाला. लिंडा बर्कहार्ट या अमेरिकन शिक्षिकेने घरच्या घरी बॅटरीची खेळणी मोठ्या बटणावर कशी आणायची याची पुस्तिका काढली. युक्ती अशी : दोन बाजूंना तांबे आणि मध्ये न वाहणारा थर अशी पातळ चकती पेन्सिल सेल आणि त्याच्या पत्र्याच्या मध्ये सरकवायची. दोन्ही तांब्यांना एकेक तार, तारांच्या टोकाला ३.५ मिलिमीटरचे मोनो, म्हणजे दोनच संपर्कांचे, सॉकेट. खेळण्याचा मूळ स्विच चालूच ठेवायचा, सर्किट मोठ्या बटणाने पुरे करायचे. खेळण्याला सोल्डरचा एकही टाका द्यावा लागत नाही. १९८५ मध्ये मिनियापोलिसला एबलनेट ही कंपनी निघाली. तिचे बिग रेड बटण सुमारे १२.५ सेंटिमीटर व्यासाचे, जेली बीन त्याच्या निम्मे. तोवर ३.५ मिलिमीटरची मोनो पिन या क्षेत्राची बोलीभाषा झाली होती आणि आजही आहे.

चकतीची युक्ती बसायच्या गाडीला मात्र चालत नाही. पेन्सिल सेलवरच्या खेळण्याचा करंट बहुधा १ अँपियरच्या आत. १२ व्होल्टच्या दोन मोटरची गाडी गवतावर निघताना क्षणभर २० ते ४० अँपियर ओढू शकते.

गाडी कशाला हवी?

अशा मुलांच्या थेरपीत गाडी येण्यामागचे कारण मानसशास्त्रातून आले. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या आडव्या दांड्याला बांधल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले, दुसरे टोपलीत बसून तितकेच फिरे. दोघांच्या डोळ्यांना दिसले तेच, पण समोरचे किती खोल याचा अंदाज आणि पंजा टेकायची तयारी फक्त चालणाऱ्या पिल्लात नीट आली. पुढे बर्कलेच्या जोसेफ कॅम्पोस यांनी रांगायला लागल्यावर बाळांच्या नजरेत, भीतीत, लक्ष देण्यात काय बदल होतात ते दाखवले. म्हणजे कडेवर कितीही फिरवले तरी स्वतः फिरण्याची भरपाई होत नाही.

मग प्रश्न आला वयाचा. इतक्या लहान मुलाच्या हाती मोटर द्यायची का? सिॲटलमध्ये शार्लीन बटलर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन-तीन वर्षांच्या मुलांना विजेच्या खुर्च्या दिल्या आणि बहुतेक मुले काही आठवड्यांतच त्या चालवायला शिकली. तरी खुर्ची महाग, जड आणि साध्या मोटारीत न मावणारी. डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे आणि यंत्र अभियंते सुनील अगरवाल यांनी जॉयस्टिकवरचे छोटे रोबो करून अगदी तान्ह्या बाळांवर प्रयोग केले. निष्कर्ष चांगले होते, पण रोबो घरी कोण नेणार?

२०१२ मध्ये गॅलोवे आणि शियांग-हान ह्वांग यांनी दुकानातली खेळगाडीच बदलून वापरायची पद्धत मांडली. ‘गो बेबी गो’ हा उपक्रम त्यातून वाढला. स्टिअरिंगच्या मध्यावर मोठे बटण, पाठीला पोहायच्या फळीचा टेकू, भोवती पीव्हीसी नळ्यांची चौकट, तिच्यावर फोमच्या नळ्या, छातीला वेल्क्रोचा पट्टा. रचना मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणून ती गॅरेजमध्ये करता आली.

मूळ गाड्यांचा इतिहासही इथे आठवायला हवा. १९८४ मध्ये क्रॅन्स्को कंपनीने एका इटालियन कंपनीचा अमेरिकेतला धंदा घेऊन पॉवर व्हील्स हे नाव रुळवले, १९९४ मध्ये ते मॅटेलकडे गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगासह कंपनीने १ कोटीपर्यंत गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, कारण विजेचे भाग तापून आगी लागत होत्या. काही गाड्या भाग बिघडल्यामुळे थांबेनात अशाही नोंदी होत्या. गाडी बदलायला घेणाऱ्याने हे प्रकरण डोक्यात ठेवावे, कारण हाताने जोडलेला, कमी ताकदीचा स्विच नेमका हाच बिघाड पुन्हा निर्माण करतो. मोटर सुरू होतानाच्या झोताने स्विचचे दोन बिंदू वितळून चिकटतात. हात उचलला तरी गाडी चालूच.

जोडणीत काय असते

पहिले काम म्हणजे पेडलपर्यंत किती आणि कसल्या तारा येतात ते पाहणे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या, आईबापांच्या हातात रिमोट असलेल्या बहुतेक गाड्यांत मोटरचा करंट कंट्रोल बोर्डातून जातो. पेडलला दोन बारीक तारा येतात आणि त्या बोर्डाला फक्त खूण देतात. अशा गाडीत या दोन तारांना समांतर ३.५ मिलिमीटरचे सॉकेट जोडले की काम झाले. रिले लागत नाही, हळू सुरुवात आणि रिमोटचा ताबाही बहुधा तसाच राहतो. सोपे काम हवे असेल तर हीच गाडी घ्यावी.

बोर्ड नसलेल्या जुन्या धाटणीच्या गाडीत पेडलला जाड तारा येतात, बहुधा तीन. तिसरी तार ब्रेकची असते. पाय उचलला की पेडलमधला स्विच मोटरची दोन टोके एकमेकांना जोडतो, मोटर जनित्रासारखी वागून स्वतःलाच अडवते. अनेक जण इथे फसतात. पेडल तसेच ठेवून नवे बटण समांतर जोडले, की बटण दाबताच बॅटरीचे दोन्ही ध्रुव त्या ब्रेकच्या वाटेने थेट जुळतात. फ्यूज असेल तर उडतो, नसेल तर तार जळते. म्हणून मल्टीमीटरने तिन्ही तारा ओळखायच्या, पेडलचा स्विच पूर्ण काढायचा आणि त्याच्या जागी मोटारगाडीचा पाच पायांचा ३०/४० अँपियरचा रिले बसवायचा. पाय ३० ला मोटरची तार, ८७ ला बॅटरीकडून येणारी, ८७ए ला ब्रेकची. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पायांपर्यंतची वाट बटणातून न्यायची. १२ व्होल्टच्या कॉइलला जेमतेम १५० मिलिअँपियर लागतात, ते कोणतेही हलके बटण सहज झेलते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा रिले सॉकेटसह मिळतो.

कॉइलच्या दोन पायांमध्ये आडवा १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायचा, चंदेरी पट्टा धनाकडे. नाहीतर कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज बटणाचा मायक्रोस्विच हळूहळू खातो. पट्टा उलटा लागला तर बटण दाबताच शॉर्ट. गाडी ६ व्होल्टची असेल तर कॉइलही ६ व्होल्टची हवी, १२ ची ओढतच नाही. बॅटरी थकलेली असेल तर मोटर निघताना व्होल्टेज इतका खाली येतो की रिले सुटतो, सुटला की व्होल्टेज वर येतो, रिले परत ओढतो. हा ‘टर्रर्र’ आवाज आला की बटणावर संशय न घेता आधी बॅटरी बदलावी. असाच वापरला तर रिलेचे बिंदू चिकटतात. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरच्या बॅटरीला २० ते २५ अँपियरचा फ्यूज, तोही धन टोकापासून वीतभराच्या आत. फ्यूज आणि रिले यांच्यामध्ये, गाडीच्या मागच्या बाजूला, मोठ्यांच्या हाताला येईल असा जाड करंटचा बंद-चालू स्विच. रिले चिकटला तर गाडी थांबवणारा तो एकटाच असतो.

सॉकेट मोनोच घ्यावे. तीन संपर्कांच्या स्टीरिओ सॉकेटच्या मधल्या कड्याला तार जोडली गेली तर मोनो पिन आत जाताच कडे आणि बाही (पिनच्या बुडाचा संपर्क) जुळतात आणि गाडी आपोआप सुटते.

बटण दाबलेले असेपर्यंत गाडी चालायची, सोडले की थांबायची, हीच पद्धत ठेवावी. मुंबईच्या लोकलचा मोटरमन हँडल दाबून धरतो आणि सोडले तर ब्रेक लागतात, त्यातला हा विचार. एकदा दाबले की चालू, परत दाबले की बंद, हे मुलाला सोपे वाटेल असा मोह होतो, पण सुरुवातीला तरी टाळावा. गाडी ताशी ४ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला १ मीटरहून जास्त जाते. हात उचलायला दोन सेकंद लागणाऱ्या मुलाला पुढे निदान ३ मीटर मोकळी जागा लागते. दोन मोटरच्या गाडीत मंद वेगाची सोय असेल तर ती तिथेच पक्की करावी.

बटण किती हलके, याचे एक उत्तर नाही. जेली बीन सुमारे ७० ग्रॅम जोराने लागते, बिग रेडला दीडशेच्या आसपास. स्नायू ढिले असणाऱ्या मुलाला पहिले बरे. हात अचानक झटकला जाणाऱ्या मुलाला ते घातक, कारण गाडी नको तेव्हा उडी मारते. तिथे जरा कडक बटण, भोवती उंच कड. स्टिअरिंगवर बटण छान दिसते, मात्र दाबताना चाक फिरते आणि गाडी एका अंगाला ओढते. चाक बांधून ठेवावे किंवा बटण पुढच्या फळीवर घ्यावे. चाकावरच हवे असेल तर खाली तारेचा सैल वेटोळा सोडावा, नाहीतर काही दिवसांत तार टाक्यापाशी तुटते. मोटर एकदम ब्रेक लागून थांबली तर मान न सावरणाऱ्या मुलाचे डोके पुढे येते. सपाट जमिनीवर ८७ए मोकळा ठेवून गाडी हळू थांबू दिलेली बरी. उतारावर मात्र तो जोडलेलाच हवा.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे आहे आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे भारतीय मानक लागू होते. ते प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या गाडीचे. तार कापली की सुरक्षिततेचा भार कापणाऱ्यावर. अमेरिकेत २०२० मध्ये १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी एक्सप्लोरर मिनी हे जॉयस्टिकचे उपकरण वैद्यकीय मंजुरीसह आले. तरी गॅरेजमधली गाडी मागे पडली नाही, कारण तिच्यात बटणाची जागा मुलागणिक बदलता येते.

तीच जागा पुढे आसनाखालीही गेली. उभे राहायला शिकणाऱ्या मुलासाठी आसनाखाली उलट्या संपर्काचा स्विच बसवतात : मूल बसले की तो दाबला जाऊन वाट तुटते, उठले की जुळते आणि गाडी निघते. हाताचे बटण कॉइलच्या वाटेतून पूर्ण काढून हा त्या जागी जोडायचा. तार तुटली तर गाडी थांबते, हे चांगले. आसनाचा फोम दबून पातळ झाला तर मात्र बसूनही स्विच पुरता दाबला जात नाही, म्हणून दर महिन्याला मुलाच्या वजनाची वाळूची पिशवी ठेवून ‘टक’ येते का ते ऐकावे.