फुरफुरतो म्हणजे बिथरलेला नव्हे

‘स्पॅनिश घोडा म्हणजे आगीचा गोळा, मुरलेल्या स्वारानेच त्याच्यावर मांड टाकावी’ हा समज फार जुना आहे. कमानदार मान, छातीपर्यंत उचललेले पुढचे पाय, वाऱ्यावर उडणारी आयाळ बघून तो होणारच म्हणा. पण हे सगळं अंगचं, बांध्यातून आलेलं. त्याचा रागाशी संबंध नाही.

स्पेनचा अँडालुशियन, म्हणजे हाच ‘स्पॅनिश घोडा’, आणि पोर्तुगालचा लुसितानो या घोड्यांच्या जाती म्हणजे सख्खे भाऊच. लुसितानोची वेगळी वंशनोंदवही 1967 पासूनची. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने तिथल्या कोर्दोबा शहरात या घोड्यांसाठी शाही पागा उभारल्या त्या सोळाव्या शतकात. युद्ध आणि गुरं वळणं ही या घोड्यांची परंपरागत कामं, आणि दोन्हीकडे डोकं फिरणारा घोडा कुचकामी. दक्षिण स्पेनमधला गुराखी आजही एका हातात लगाम, दुसऱ्यात लांबच लांब काठी घेऊन वळूला वळवतो. घोडा जागच्या जागी गर्रकन फिरतो, पुढच्याच क्षणी स्तब्ध! तिकडे खच्ची न केलेले नर घोडेही सर्रास स्वारीला वापरतात.

मात्र ‘शांत’ म्हणजे ‘ढिम्म’ नाही. तो संवेदनशील असतो. टाचेचा हलका स्पर्श, कंबरेचा किंचित कल त्याला पुरतो. लगाम खेचत राहणाऱ्याला तो नक्कीच अवघड वाटेल. माझ्या मते ‘तापट’पणाच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

जाता जाता: तो जन्मतः पांढराही नसतो. शिंगरू बहुधा गडद जन्मतं, मग वर्षानुवर्षं उजळत जातं. काही तर काळे किंवा तांबूसच राहतात.